अष्टाक्षरी, हायकू, सायली: अक्षरं डोळ्यांनी मोजायची की कानांनी?

पाखाडी | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एक शंका डोक्यात घोळते आहे, म्हणून धागा काढते.

मी आंजर्ल्याला राहते. कड्यावरच्या गणपतीकडे चढून गेलं की खाली समुद्र आणि पलीकडे हर्णैचं बंदर दिसतं. गेल्या वर्षीपासून लहान लहान कविता लिहायला लागले आहे. सुपाऱ्या सोलताना ओळी मनात जुळवायच्या आणि हात मोकळे झाले की वहीत उतरवायच्या, एवढीच माझी रीत.

मे महिन्यात एका अष्टाक्षरी स्पर्धेला खालची कविता पाठवली. विषय मासेमारीच्या बंदीचा आहे. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस बोटी समुद्रात जात नाहीत, तो काळ.

बंदरावर नावा थांबल्या
वाळूवर जाळी पसरली
माणसं घरात बसली सारी
दोन महिने दिवस मोजत

पहिल्याच फेरीत बाद झाली. शेरा एका ओळीचा होता: अक्षरसंख्या चुकली आहे, नियम वाचावेत. मी नियम वाचूनच लिहिली होती. मोठ्याने म्हणत बोटांवर मोजली होती. बं-द-रा-वर-ना-वा-थांब-ल्या, आठ. वा-ळू-वर-जा-ळी-प-सर-ली, आठ. माण-सं-घ-रात-बस-ली-सा-री, आठ. चुकलं कुठे ते मला खरंच समजून घ्यायचं आहे. बाद झाल्याचं वाईट वाटलं, पण का बाद झाले ते कळलं नाही याचं जास्त वाटतं.

फळा | ९ जून, रात्री १०:५५

पाखाडीताई, तुमचा कान चुकलेला नाही. तुम्ही मोजले ते उच्चाराचे तुकडे आणि परीक्षकांनी मोजली ती लिहिलेली अक्षरं. अष्टाक्षरी हा अक्षरछंद आहे, तिथे लिहिलेलं अक्षर धरतात. 'बंदरावर' म्हणजे बं, द, रा, व, र अशी पाच. 'थांबल्या' तीन. तुमच्या ओळी अनुक्रमे १०, १०, ११ आणि ११ अक्षरांच्या भरतात.

मोजायची रीत सांगतो. एकटा स्वर किंवा स्वर मिसळलेलं व्यंजन म्हणजे एक अक्षर. जोडाक्षर कितीही गुंतलेलं असलं तरी एकच, म्हणून 'नक्षत्र' तीन आणि 'स्वातंत्र्य' सुद्धा तीनच. अनुस्वार आणि विसर्ग वेगळे धरत नाहीत. 'पाऊस' तीन, 'आई' दोन, 'वाऱ्यावर' चार, 'नव्हतं' तीन. पाय मोडलेलं अक्षर मोजत नाहीत.

नियम एवढाच आहे, पण तो असा का, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून तो जाचक वाटतो. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. 'घर' लिहितो दोन अक्षरांत आणि बोलतो एका झटक्यात. 'बसली' मधला 'स' सुद्धा असाच अर्धा होतो. गाताना मात्र हे झोपलेले 'अ' जागे होतात. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, ऐकायला बसलात तर लक्ष देऊन ऐका. 'सुंदर ते ध्यान' म्हणताना 'सुंदर'चा र आणि 'ध्यान'चा न पुरते वाजतात. लिहायला सहा अक्षरं आणि कानालाही सहाच. पुढे 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. हा मोठा अभंग. धाकटा अभंग आठ-आठचा: 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले.' तुमची अष्टाक्षरी याच घरातली आहे.

म्हणजे हा नियम टाळ-मृदंगापाशी तयार झालेला आहे आणि तुमचा कान आजच्या बोलण्यावर वाढलेला आहे. दोघांत भांडण नाही, फक्त दोघांचं माप वेगळं आहे. स्पर्धा अक्षरछंदाची असेल तर लिहिलेलं अक्षर मोजावं, हे खरं. पण 'नियम वाचा' एवढंच लिहून सोडून देणं मला पटलं नाही. ज्या बाईने कानाने चारही ओळी अचूक आठच्या केल्या, तिला हे दोन वाक्यांत समजावता आलं असतं.

रापण | १० जून, सकाळी ६:१५

ताई, मोज बरोबर काय चूक, ता माका कळणा नाय. पण एक सांगतंय. बंदीत होड्यो बंदरात थांबणत नाय. जून लागायच्या आधी वर ओढून घेतत, झापां नायतर ताडपत्री घालून ठेवतत. आणि पावसात वाळूर जाळी कोण पसरीत? कुजान जातली. जाळी घरात, लोट्यार बसान शिवतत. बसलेलो कोणच नसता. आमका पावसात जास्त काम.

रागाव नकात हां. कविता वाचून आमचोच विषय दिसलो म्हणान लिवलंय.

पाखाडी | १० जून, दुपारी २:३०

रापणदादा, रागावू कशाला? मी सकाळपासून तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. मी ती कविता कड्यावरून बघून लिहिली आहे. वरून नावा थांबलेल्या दिसतात. खाली उतरून बघितलं असतं तर झापं (विणलेल्या झावळ्या) दिसली असती, जाळं शिवणारे हात दिसले असते. परीक्षकांनी अक्षरांवरून बाद केली ते बाजूलाच राहू दे, तुमच्या कारणाने बाद केली असती तर मला मान्य झालं असतं.

फळासर, गाण्यातला 'अ' जागा होतो हे कळलं आणि डोक्यातली गाठ सुटली. आमच्याकडे देवघरात संध्याकाळी परवचा म्हणायचे, तेव्हा मनाचे श्लोक म्हणताना 'जावे'वर हात मांडीवर पडायचा. त्याला काय म्हणायचं?

फळा | १० जून, सायंकाळी ७:०५

ते भुजंगप्रयात. बारा अक्षरं, पण तिथे नुसती संख्या भागत नाही. कुठलं अक्षर लघु आणि कुठलं गुरू याचा क्रमही ठरलेला. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा: म-ना-स, ज्ज-ना-भ असं तोडू नका, मना सज्- / जना भक्- / ति पंथे- / चि जावे, असं म्हणून बघा. सज्जना लिहिताना 'ज्ज' एक अक्षर, पण त्याच्या आधीच्या 'स'वर आघात येऊन तो गुरू होतो. माधव ज्यूलियनांनी 'छंदोरचना'मध्ये ही तीन घरं नीट वेगळी करून ठेवली: अक्षरं मोजतात तो छंद, लघु-गुरूंचा क्रम पाळतात ते वृत्त आणि मात्रा मोजतात ती जाती. हल्ली सगळ्याला सरसकट 'वृत्तबद्ध' म्हणतात, त्यातून हे घोळ होतात.

हाताची चार बोटं आणि प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. माझी आजी जप मोजायची त्याच पेरांवर मी मुलांना भुजंगप्रयात शिकवायचो. एक बोट, एक गण (तीन अक्षरांचा गट).

मुक्तछंदी | ११ जून, सकाळी ११:२०

थोडं वेगळं मत मांडतो. गेली तीनचार वर्षं मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन काव्यसमूहांत आहे. रोज सकाळी विषय येतो, 'पाऊस, अष्टाक्षरी, रात्री ९ पर्यंत'. रात्री साठ-सत्तर कविता जमतात आणि सगळ्यांत चिंब मन, ओली आठवण, धुंद क्षण, सखी, साजणी. का? कारण हे शब्द दोन-तीन अक्षरांचे आहेत, कुठेही बसतात. अक्षरं आठच्या आठ भरतात आणि त्यात एकही पाऊस भिजवत नाही. मोजणीने कविता येत असती तर हिशेबनीस सगळे कवी झाले असते. मराठी कविता मुक्तछंदात आली ती उगाच नव्हे. आता त्यात हायकू, सायली, सिन्केन असे परदेशी-देशी साचे आणखी. यातून साध्य काय?

सुरंगी | ११ जून, दुपारी ४:१०

मुक्तछंदी, चिंब मनाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण दोष साच्याचा नाही असं मला वाटतं. साचा आडवा येतो तो चांगल्यासाठी. पहिला सुचलेला शब्द बसत नाही, म्हणून दुसरा शोधावा लागतो, आणि दुसरा शोधताना आपण त्या वस्तूकडे पुन्हा बघतो. त्या समूहांतले लोक दुसरा शब्द शोधतच नाहीत, कारण पहिला सगळीकडे बसणाराच घेतलेला असतो.

परदेशी म्हणालात म्हणून एक गंमतीची नव्हे, खरीच मला थक्क करून गेलेली गोष्ट सांगते. अ‍ॅडलेड क्रॅप्सी नावाची अमेरिकन कवयित्री होती (१८७८–१९१४). क्षयाने गेली, कवितांचं पुस्तक तिच्या मागे १९१५ मध्ये आलं. जपानी लहान कविता वाचून तिने स्वतःचा पाच ओळींचा साचा केला, सिन्केन. अवयवांची, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांची, संख्या २, ४, ६, ८, २. बेरीज करा: बावीस.

आता मोठा अभंग: ६, ६, ६, ४. बावीस. नामदेवांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात ही मोजणीच सांगितली आहे, पहिल्या तीन चरणांची अठरा आणि शेवटी बाविसावी. कुठे पंढरपूर आणि कुठे अमेरिका. एकमेकांचा संबंध नाही. पण साधारण एका श्वासात मावेल एवढं बोलायचं तर माणूस या आकड्याच्या आसपास येतो की काय, असं मला वाटून जातं. हा माझा नुसता तर्क.

मी वेंगुर्ल्याची. काल प्रयत्न केला:

भांग
खाडी रिती
चिखलात पाय
कालवं शोधते आजी
चूल

इंग्रजीत त्या साच्याला आघातांचीही चौकट आहे. मराठीत तसे आघात नाहीत, म्हणून मी फक्त लिहिलेली अक्षरं धरली. शेवटच्या दोन अक्षरांत सगळं येऊन थांबतं, ते मला फार आवडतं. 'चूल' लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं.

रापण | ११ जून, रात्री ८:४५

सुरंगी बाय, 'चूल' मस्त. पण भांगाक खाडी रिती होणा नाय गो. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची भरती, पाणी धड चडणा नाय आणि धड उतरणा नाय. अवस-पुनवेक उधाण, तेव्हाच सुकती मोठी होता आणि कालवांचो खडप उघडो पडता. तुझी आजी भांगाक गेली तर रिकाम्या हातान परत येतली.

सुरंगी | ११ जून, रात्री ९:३०

खरंच की. आजीबरोबर लहानपणी जायचे तेव्हा ती पंचांगात तिथी बघूनच निघायची, आणि मी मात्र दोन अक्षरांचा शब्द हवा म्हणून भांग घेतला! सुकती तीन अक्षरांची, पहिल्या ओळीत मावत नाही. मग ओळीच हलवल्या:

खाडी
सुकतीची
चिखलात पाय
कालवं शोधते आजी
चूल

बघा मुक्तछंदी, साच्याने मला चुकवलं आणि साच्यानेच पुन्हा रांगेत आणलं. 'सुकतीची' ही चार अक्षरं मला मोकळ्या कवितेत सुचली नसती. मी 'ओहोटी' लिहून पुढे गेले असते.

मुक्तछंदी | १२ जून, सकाळी १०:००

हे दुसरं रूप पहिल्यापेक्षा चांगलं आहे, नाकारत नाही. माझा आक्षेप समूहांतल्या घाऊक उत्पादनाला आहे, तो राहतोच.

फळा | १२ जून, सायंकाळी ६:४०

आक्षेप राहू द्या, तो हवाच. परदेशी साच्यांविषयी फक्त एक. चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं ते आपल्या मालगुंडच्या केशवसुतांनी. साचा कुठून आला यापेक्षा तो इथल्या मातीत मुळं धरतो का, एवढं बघावं.

हायकूचंच घ्या. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, पण ओळींत ५-७-५ अक्षरांचा हट्ट धरला नाही. तीन ओळी आणि शेवटी काहीतरी अचानक उघडणं, हे त्यांनी घेतलं. बरोबरच केलं असं मला वाटतं. कारण जपानी लोक मोजतात ते आपलं अक्षरही नाही आणि इंग्रजीतला अवयवही नाही. त्यांचं 'ओन' निराळं माप. दीर्घ स्वर दोन धरतात, शब्दातला सुटा 'न' एक वेगळा धरतात. आपण 'टोकियो' म्हणतो, त्यांच्या मोजणीत तो तोऽक्योऽ, चार. 'निप्पोन' चार: नि, प्, पो, न्. म्हणजे त्यांचे सतरा आणि आपले सतरा एक नव्हेत. तरी ज्याला ५-७-५ पाळायचं आहे त्याने पाळावं. नुसता आकडा जमला म्हणजे हायकू झाला असं मात्र समजू नये.

तरवा | १३ जून, पहाटे ५:५०

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. संगमेश्वर तालुक्यात भातशेती आहे. हायकूबद्दल माझ्या मनात एक गोष्ट घर करून आहे. जपानी हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतो, 'किगो'. त्या शब्दांचे कोशच त्यांच्याकडे आहेत, ऋतूवार लावलेले. एक शब्द टाकला की वाचणाऱ्याला महिना कळतो, हवा कळते, वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून सतरा अक्षरं पुरतात.

आपण कोकणात हायकू लिहितो आणि ऋतूसाठी 'पावसाळा', 'वसंत' असे शब्द घालतो. वसंत कोकणात कोण म्हणतं? आपल्याकडे भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं) असते, मग मिरग, मग तरव्याची (भाताच्या रोपांची) उगवण, लावणी, बेणणी, झोडणी. मिरगाच्या आधी काजवे. पाऊस पडला की टाकळा, अळंबी, चढणीचे मासे. गौरीला तेरडा. थंडी सरताना सुरंगी, मग बोंडू, मग रातांबे. शिमगा म्हटलं की पालखी आणि होळीचा धूर दोन्ही आले. यातल्या एकेका शब्दात महिना आहे. मी वहीत अशी यादी करतोय आणि पुढे अक्षरसंख्या लिहून ठेवतोय. मिरग ३, तरवा ३, भाजावळ ४, काजवे ३, बोंडू २, रातांबे ३, पागोळी ३.

आता गंमत मिरगाची. 'मृग' दोन अक्षरं आणि 'मिरग' तीन. पुस्तकात मृग लिहितात, आमच्या घरात कोणी मृग म्हणालेलं मी ऐकलं नाही. शुद्धलेखनाच्या भीतीने मी आधी 'मृग आला' लिहिलं. चार अक्षरं झाली, पाचवं भरायला 'हा' घातला. 'मृग हा आला.' तो 'हा' खड्यासारखा दातात येत होता. मग घरातला शब्द घेतला:

मिरग आला
जांभ्यावर पहिला
थेंब वाळला

शेताच्या बांधावर जांभ्याचे चिरे रचलेले आहेत, तिथे ७ तारखेला हे प्रत्यक्ष घडलं. दगड इतका तापलेला होता की थेंब पडला आणि डाग मिटून गेला. खरा पाऊस दोन दिवसांनी आला.

पाखाडी | १३ जून, दुपारी १:१५

तरवा, तुमचा हायकू वाचून मी कोरड्या अंगणात जाऊन उभी राहिले. 'वाळला' हा शब्द पावसाच्या कवितेत येईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या यादीतला पागोळी शब्द घेऊन मीही एक केला. आधी असा होता:

पागोळीखाली
ठेवलेली कळशी
गात राहिली

सुरंगी | १३ जून, दुपारी ३:००

पाखाडी, 'गात'वर थोडं अडखळले. पाऊस गातो, वारा गातो, कळशी गाते, हे आपण शाळेपासून लिहीत आलोय. पहिल्या दोन ओळी इतक्या साध्या आहेत की तिसरीत एकदम कविता घुसल्यासारखी वाटली. कळशीचं खरं काय होतं?

पाखाडी | १३ जून, दुपारी ३:२०

खरं म्हणजे ती भरते. रात्री रिकामी ठेवलेली, सकाळी काठोकाठ.

पागोळीखाली
ठेवलेली कळशी
भरून गेली

तरवा | १३ जून, रात्री ९:१०

आता ती सकाळ दिसली. रात्रभर किती पडला ते सांगायचीही गरज राहिली नाही.

मोहर | १५ जून, सकाळी ८:३०

नवीन आहे, चूकभूल सांभाळून घ्या. शब्द मोजायचे साचे अक्षरांपेक्षा सोपे ना? सायलीत १, २, ३, २, १ असे नऊ शब्द. दुसरा एक ११ शब्दांचा आहे १, २, ३, ४, १ असा. मुलांना शिकवायला कुठला घ्यावा? मी गुहागरकडे प्राथमिक शाळेत शिकवते.

सुरंगी | १५ जून, सकाळी ११:४५

मोहर, मुलांना सायली घ्या, लगेच जमते. आकार डोळ्यांना दिसतो, मध्ये फुगतो आणि पुन्हा निमुळता होतो. माझ्या नावावरूनच एक:

सुरंगी
फांदीवर कळ्या
पहाटे आई तोडते
बोटांना वास
दिवसभर

पण सोपं वाटतं तेवढंच ते निसरडं आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जिथे तीन शब्द जातात तिथे आपलं 'फांदीवर' एका शब्दात होतं. म्हणजे त्याच नऊ शब्दांत आपल्याकडे जास्त मावतं, आणि हीच मोठी लबाडीची वाट. 'पावसाळलेल्या-संध्याकाळसारखी' असं जोडून एक शब्द म्हणून खपवणारे मी पाहिले आहेत. मुलांना एकच पथ्य सांगा: मोठ्याने वाचताना एका दमात म्हणता येईल तोच एक शब्द. आणि ओळ तोडल्यावर तिला स्वतःचं काहीतरी म्हणणं असलं पाहिजे, नाहीतर ते नऊ शब्दांचं वाक्य पाच ठिकाणी मोडल्यासारखं होतं.

११ शब्दांच्या साच्यात पहिली ओळ नाम, दुसरीत दोन विशेषणं, तिसरीत तीन क्रियापदं असं शिकवतात. व्याकरणाच्या तासाला चांगला. कवितेच्या तासाला मी तो नेणार नाही.

फळा | १५ जून, रात्री ८:२०

सहमत. मोहरताई, मुलांना आधी जात्यावरच्या ओव्या ऐकवा असंही सुचवीन. गावात कोणा आजीला शाळेत बोलवा. ती अक्षरं मोजत नाही. शब्द कमी पडला तर सूर लांबवते, जास्त झाला तर दोन अक्षरं एका घासात उरकते, आणि जात्याचा फेरा पुरा होतो तिथे ओळ पुरी होते. मुलांना कळेल की मोजणी आधी अंगात होती, कागदावर नंतर आली.

पाखाडी | २ जुलै, रात्री १०:१०

मंडळी, मध्ये तीन आठवडे गेले. गेल्या रविवारी मी हर्णैला बंदरावर गेले. पाऊस थोडा उघडला होता. नावा वर ओढून झापांखाली होत्या, रापणदादांनी सांगितलं तशाच. एका घराच्या ओटीवर तांडेल (होडीवरचे म्होरके) जाळं शिवत बसले होते. मी बाजूला बसले. ते बोलत कमी होते. सुई आत, फेरा, गाठ. प्रत्येक गाठ सारखी, बोटाच्या मापाची. मी 'किती राहिले?' विचारलं. मला जाळं म्हणायचं होतं. ते म्हणाले, पस्तीस. दिवस राहिले होते पस्तीस.

घरी येऊन लिहिली. पहिला खर्डा असा होता:

नावा वर ओढलेल्या
झापांखाली निजलेल्या
तांडेलाने दिसांच्याही
जाळ्यात गाठी घातल्या

या वेळी लिहिलेली अक्षरं मोजली आहेत. आठ-आठ भरतात.

फळा | २ जुलै, रात्री १०:५०

भरतात. पण 'दिसांच्याही' मधला 'ही' काढून बघा. अर्थ कमी होतो का? होत नसेल तर तो आठवं अक्षर भरायला आलेला आहे. संस्कृतात च, वै, तु, हि यांना पादपूरणाला वापरायचे, तो जुना रोग आहे. तरव्याच्या 'मृग हा आला' मधला 'हा' याच जातीचा. बाकी पहिल्या दोन ओळींना मी हात लावणार नाही.

मुक्तछंदी | ३ जुलै, सकाळी ९:३५

'पस्तीस' ही गोष्ट तुम्ही गद्यात सांगितलीत ती मला कवितेपेक्षा जास्त भिडली. तो मोजणारा माणूस कवितेत यायला हवा.

पाखाडी | ४ जुलै, सकाळी ७:००

मुक्तछंदी, तुमच्या या वाक्यावर कालचा सगळा दिवस घालवला. 'मोजणं' आणायचं तर 'ही' आपोआप गेला, पण जाळ्याला जागा उरली नाही. पुष्कळ फिरवून बघितलं. जाळं ठेवलं की मोजणं जातं, मोजणं ठेवलं की जाळं जातं. शेवटी जाळं सोडलं.

नावा वर ओढलेल्या
झापांखाली निजलेल्या
तांडेलाने मोजलेल्या
दिसांच्या गाठी घातल्या

चारही ओळी 'ल्या'वर आल्या. मुद्दाम केलं नाही, झालं. म्हणून बघितलं तर ओवीसारखी चाल लागते. एकच धाकधूक आहे, जाळं हा शब्द नसताना वाचणाऱ्याला ते दिसेल का?

रापण | ४ जुलै, सकाळी ७:२०

गाठी म्हटल्यार जाळां इलांच.